पुढच्या दाराचं झुडूप

ऑक्टोबरचा पहिला शनिवार उजाडला की डेस्मंड प्रीस बागेला हिवाळ्यासाठी झोपवायला निघायचा. लांब दांड्यांची कात्री, सुतळी, पाणसळ आणि डोक्यावर रेल्वेतली जुनी टोपी, असा सगळा जामानिमा. वाढलेलं दिसेल ते छाटायचं, पसरलेलं दिसेल ते आवरायचं. दिवस मावळेपर्यंत सगळी झुडपं न्हाव्याच्या खुर्चीतून उठलेल्या पोरांसारखी निमूट उभी राहायची. मग त्याची बायको नेस्टा स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायची.

"झाली सगळ्यांची हजामत? का मी तेवढी राहिलेय?"

डेस्मंडला त्याचं काही वाटत नसे. पस्तीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढलेला माणूस तो. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर त्याला त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. गावातल्या नीटनेटक्या बागेचा चषक त्याने अकरा वेळा घरी आणला होता आणि तो ठेवायला नेस्टाला चांगल्या बश्यांचा खण रिकामा करावा लागला होता.

यंदा मात्र सप्टेंबरात सफरचंदं काढताना तो शिडीवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. डॉक्टरांनी नवा खुबा बसवला, हातात दोन कुबड्या दिल्या आणि उन्हाळा लागेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही असा दम भरला. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा प्रीसांची बाग न झोपताच हिवाळ्यात शिरली.

नेस्टाला आयतीच संधी मिळाली.

"बाग जागीच आहे ना आता? मग तिने काहीतरी करून दाखवावं. जानेवारीत फुलणारं झुडूप लावू या. जास्त मागत नाही मी, डेस. एकच."

"जानेवारीत झुडपांनी झोपायचं असतं."

"आणि माणसांनी काय करायचं? आठला उजाडतं, चारला अंधारतं. मधले आठ तास तू खुर्चीत बसून माझ्या मागे लागतोस, बरणीचं झाकण नीट लावलं का म्हणून. मला बघायला दुसरं काहीतरी हवंय."

पडल्यापासून त्याचं मन कशातच रमत नव्हतं, हे त्याला स्वतःलाही कळत होतं. वाय नदीवरून धुकं यायचं, खिडकीला चिकटून बसायचं आणि दिवसभर हलायचं नाही. त्याच्याकडे बघत तोही हलायचा नाही.

पण जागेवरून घोडं अडलं. त्या घराला ऊन धरणारी भिंत एकच होती, दक्षिणेकडची, पुढच्या दाराशेजारची. आणि तिला टेकून उभी होती डेस्मंडची पेटी.

पेटी म्हणजे झुडूपच. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच, आणि कोपरे असे की त्यांनी पाव कापावा. उन्हाळ्यात हिरवी, हिवाळ्यात नुसत्या काटक्यांची, पण आकार बारा महिने तोच. चषक आणला तो तिनेच.

ते झुडूप दिलं होतं नेस्टाच्या आईने. ओल्वेन प्यू बाई शब्द रेशनवर मिळाल्यासारखं बोलायच्या. थोरलीच्या, ग्लेनिसच्या, लग्नात त्यांनी दिवाणखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ उतरवून दिलं. धाकटीने त्यांच्या मनाविरुद्ध सिग्नलवाल्याशी लग्न केलं. मग पहिल्या हिवाळ्यात त्या एक दिवस बसने आल्या, कुंडीत खोचलेली वीतभर काटकी लेकीच्या हातात दिली, "दाराशी लाव. थांब थोडी," एवढंच म्हणाल्या आणि चहाही न घेता परतीच्या बसने गेल्या.

नेस्टा थांबली. पाच वर्षं थांबली, दहा वर्षं थांबली. काटकीचं झुडूप झालं, झुडपाची पेटी झाली, पण तिला फूल म्हणून कधी आलं नाही. आईला जाऊन आता एकोणीस वर्षं होत आली होती. तरी नेस्टा अजून म्हणायची, "ग्लेनिसला घड्याळ आणि मला खराटा." म्हणायची हसून, पण म्हणून झालं की उठायची आणि धुतलेल्याच बश्या परत धुवायला घ्यायची. तेवढ्यावरून डेस्मंडला कळायचं की ही गंमत नाही.

तेव्हा पेटी काढायची, असं तिने ख्रिसमसच्या आठवड्यात जाहीर केलं. डेस्मंड चार दिवस भांडला. पाचव्या दिवशी नेस्टा खाली वाकून त्याच्या पायात मोजे चढवत होती. तीन महिने रोज चढवत होती, कुरकुर न करता. तिच्या पिकलेल्या भांगाकडे बघून तो एकदम म्हणाला, "घे. काढ पेटी." शेजारच्या टेरेन्सने शनिवारी फावडं घेऊन यायचं ठरलं. त्याआधी, गुरुवारी, नवं झुडूप निवडायला दोघं ग्वॉटकिनबाईंच्या रोपवाटिकेत गेली.

ग्वॉटकिनबाईंचा एक दंडक होता. हिवाळ्यातलं झुडूप हिवाळ्यातच घ्यायचं, फुललेलं असताना, नाक लावून. मे महिन्यात कुणी मागायला आलं तर त्या सरळ हाकलून द्यायच्या. "लेबल वाचून नवरा करता का? नाही ना? मग जानेवारीत या."

त्या दिवशी मैदानावर पांढरं दहिवर होतं. कुंड्यांच्या काठाला बर्फ धरला होता. नेस्टा पुढे, ग्वॉटकिनबाई तिच्या बरोबरीने, आणि मागून खडीवर कुबड्या टेकत, तोंड पाडून डेस्मंड. पहिलं विच हेझल. पान एक नाही आणि नागड्या फांदीवर संत्र्याच्या सालीच्या चिरफळ्यांसारखी फुलं, प्रत्येक चिरफळीवर बर्फाचा कण.

"मेलं नाही हे?" डेस्मंडने विचारलं.

"हे? हे रात्री आखडून घेतं आणि ऊन आलं की परत उलगडतं. तुमच्यापेक्षा टणक आहे," ग्वॉटकिनबाई म्हणाल्या. नेस्टा खुदकन हसली.

मग महोनिया, पिवळ्या तुऱ्यांचा, पानापानाला काटे. "हा नको. पाद्री यायचा बंद होईल," नेस्टा म्हणाली. आणि मग डॅफ्नी. कमरेइतकं साधं झुडूप, फिकट गुलाबी गुच्छ. नेस्टा वाकली, डोळे मिटले आणि तशीच राहिली. डेस्मंडनेही कुबडीवर रेलून वास घेतला.

"साबणासारखा येतोय," तो म्हणाला. पण ते खरं नव्हतं. त्या गार हवेत तो वास असा आला की त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. मैदानावर किडामुंगी नाही, आभाळ पत्र्याचं, जमीन दगड झालेली, आणि ही झुडपं उघडून बसली आहेत. त्याने न राहवून विचारलं, "कुणासाठी पण? बघायला आहे कोण?"

"आहे ना. एखादी माशी असते, एखादी चुकार मधमाशी," ग्वॉटकिनबाई म्हणाल्या. "जूनच्या गर्दीत यांना कुणी विचारलं नसतं. म्हणून ही कडाक्यात उघडतात आणि जी एक असेल तिला लांबून हाक मारतात. वास म्हणजे तीच हाक. लावणार कुठे?"

"पुढच्या दाराशी."

"छान. हिवाळ्यात बागेच्या टोकापर्यंत कोण जातंय? जाता-येता नाकात शिरलं पाहिजे."

"पण आम्ही पुढचं दार वापरत नाही," डेस्मंड म्हणाला. "मागच्यानेच येतो-जातो. पुढचं उघडतं ते पाद्री आला किंवा कुणी गेलं तर."

"मग वापरायला लागा," ग्वॉटकिनबाई म्हणाल्या.

पैसे द्यायला तिघं शेडमध्ये आली, आणि नेस्टा दारातच थांबली. शेडमध्ये मातीचा आणि रॉकेलच्या स्टोव्हचा वास असायला हवा होता. तसा तो होताही, पण त्याच्यावर दुसराच एक वास पसरला होता, मधाचा आणि थोडा मसाल्याचा. गल्ल्याशेजारी मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत एकच काटकी होती. तिला खाली माना घातलेली सात-आठ फुलं.

"हे!" नेस्टा म्हणाली. "डॅफ्नी राहू द्या. मला हे द्या."

"ते विकायचं नाही, माझ्या भिंतीवरचं आहे. विंटरस्वीट. आणि तुम्हाला कशाला ते? बीपासून वाढवलं तर दहा-बारा वर्षं फुलत नाही. राग मानू नका, पण आपल्या वयाला डॅफ्नी बरी." मग डेस्मंडकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि घरात कात्रीवाला नवरा असला तर हे कधीच फुलत नाही. उन्हाळ्यात जी नवी काडी येते तिच्यावरच कळ्या धरतात. ऑक्टोबरात साफसफाई केली की गेल्या सगळ्या कचऱ्यात. माझं एक गिऱ्हाईक वीस वर्षं त्याचा चेंडू करत होतं आणि वर मलाच म्हणे, तुमचं झाड खोटं निघालं!"

नेस्टा पोट धरून हसली. डेस्मंडही हसायला गेला. काटकीला एक वाळकं पान अजून चिकटून होतं. त्याने सहज दोन बोटांत धरलं.

काचकागदासारखं खरखरीत. बोटांनी ते पान लगेच ओळखलं. दर ऑक्टोबरात पेटीखालचा पाला तो हातांनीच गोळा करायचा आणि त्याचा उजवा अंगठा मग आठवडाभर सोललेला असायचा. दुसऱ्या कुठल्याच झुडपाच्या पाल्याने तो तसा सोलत नसे.

त्याचं हसू विरलं. आणि त्याला प्यू बाई आठवल्या. लग्नानंतर पंधराएक वर्षांनी त्या ईस्टरच्या चहाला आल्या होत्या. घराला वळसा घालून पुढे गेल्या आणि पेटीसमोर खूप वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी डेस्मंडकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फारच सरळ आहे." सासूच्या तोंडून कौतुक! डेस्मंडने ती गोष्ट पबमध्ये वर्षानुवर्षं सांगितली होती. दुसऱ्याच्या बागेला नाव ठेवणं प्यू बाईंना जन्मात जमलं नसतं. त्यांच्या मते ते दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखंच. तेव्हा त्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं होतं, आणि त्याला त्यातला एक शब्दही कळला नव्हता.

परतताना नेस्टा गाडी चालवत होती. मागच्या सीटवर डॅफ्नीला तिने पट्टा लावून बसवलं होतं. ती गुणगुणत होती.

"दुखतंय का?" तिने मधेच विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं?"

"थंडीने," डेस्मंड म्हणाला.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. खरखरीत पानं काय, शंभर झुडपांना असतील, असं तो स्वतःला समजावत राहिला. सप्टेंबरपासून तो घराच्या पुढे गेलाच नव्हता. थंडीत दिवाणखाना बंद, पडदे ओढलेले, आणि गाडी, पोस्टमन, शेजारी सगळे मागच्या गल्लीतून. नोव्हेंबरात नेस्टा एकदा पुढे जाऊन आली होती. "तुझी पेटी कुठली, गवताची गंजी झालीय," एवढं सांगून ती कामाला लागली होती. फुलं नसली तर प्रश्नच मिटला, टेरेन्स खणून टाकेल आणि कुणाला काही कळणार नाही. फुलं नसावीत असंच डेस्मंडला वाटत होतं. स्वतःचा इतका राग त्याला कधी आला नव्हता.

शनिवारी सकाळी नऊला, नेस्टा माडीवर चादरी बदलत असताना, त्याने कोट चढवला आणि कुबड्या घेऊन तो मागच्या दाराने बाहेर पडला. फरशीवर दहिवर होतं. भिंतीला खांदा घासत, एकेक पाऊल तपासत त्याने घराला वळसा घालायला घेतला. शेवटचा कोपरा अजून दोन पावलं लांब असतानाच तो थांबला. बघायची आता गरज नव्हती. वास येऊन पोचला होता.

तरी तो पुढे गेला.

पेटी नव्हतीच. तिच्यातून एका उन्हाळ्यात पुरुषभर उंच काड्या उठल्या होत्या, वाटेल तशा, वाटेल तिकडे, खिडकीवर, दारावर, एकमेकींत घुसून. आणि प्रत्येक काडीला शेंड्यापर्यंत फुलं. मेणाची असावीत तशी फिकट पिवळी, पलीकडचं ऊन दिसेल इतकी पातळ, आत लालभडक. सगळी खाली तोंड करून. भिंतीला ऊन लागलं होतं, दहिवर वितळून थेंब पडत होते, आणि कुठून आली होती कोण जाणे, एक मधमाशी या फुलातून त्या फुलात शिरत होती. कडाक्याच्या जानेवारीत, ज्या दाराने कुणी येत-जात नाही त्या दाराशी हे सगळं चाललं होतं.

डेस्मंडने टोपी काढली. त्याला शरम वाटली. पण शरमेपेक्षा मोठं काहीतरी होतं. या झुडपाने दर उन्हाळ्यात कळ्या धरल्या होत्या. दर ऑक्टोबरात त्याने त्या कापल्या होत्या. ते थांबलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात परत धरल्या होत्या, आणि परत, आणि परत. कुणी बघत नसताना, कुणी विचारत नसताना. इतका चिवट चांगुलपणा त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो घेऊन हे झुडूप त्याच्याच हाताखाली उभं होतं.

आता खरं म्हणजे त्याला सुटायला वाट होती. "अगं नेस्टा, बघ, आलं एकदाचं फूल," असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. झाडाचा चमत्कार म्हणून गाव गोळा झालं असतं, आणि अकरा चषक जिथल्या तिथे राहिले असते. तो विचार त्याच्या मनात आला आणि चांगला मिनिटभर तिथे राहिला. मग त्याने कुबडी उचलली आणि पुढचं दार ठोठावलं.

आत धावपळ झाली. "कोण गेलं?" नेस्टाचा घाबरलेला आवाज आला. "कोण आहे?"

"मीच आहे. उघड."

"डेस? तू पुढच्या दाराशी काय करतोयस? पडलास का?"

"पडलो नाही. उघड आधी."

दार फुगलेलं होतं. तिने आतून ओढलं, त्याने बाहेरून खांदा लावला, आणि ते कर्कश आवाज करत एकदम उघडलं. गार दिवाणखान्यात तो वास भसकन शिरला. नेस्टाच्या हातात उशीचा अभ्रा होता.

"बरणीतलं," ती म्हणाली. "ग्वॉटकिनबाईंच्या बरणीतलं आहे हे."

"तुझ्या आईचं आहे."

ती बाहेर आली. एका फुलाखाली तिने तळहात धरला, पण त्याला लावला नाही.

"हे दरवर्षी फुलणार होतं, नेस्टा," डेस्मंड म्हणाला. "दरवर्षी कळ्या यायच्या, मी कापायचो. लहान होतं ती पहिली दहा वर्षं सोड. बाकीची तेहतीस माझी. आणि तुझ्या आईला ते कळलं होतं. 'फारच सरळ आहे' म्हणाल्या होत्या ना, ते कौतुक नव्हतं."

"आणि तू ते पबमध्ये सांगत फिरलास."

"हो."

नेस्टा उंबऱ्यावर बसली. अभ्रा तिने मांडीवर घट्ट धरला होता. ती हसतेय का रडतेय हे डेस्मंडला कळेना, आणि विचारायची त्याची हिंमत होईना.

"शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली होती," नेस्टा म्हणाली. "डोळे मिटूनच. 'दाराशी आहे ना गं अजून?' मला वाटलं, भ्रमात बोलतेय. मी म्हटलं, आहे, तुझा खराटा आहे उभा. असं म्हटलं मी, डेस. आणि ती म्हणाली, 'मग बरं.' " तिने अभ्रा चुरगळला. "बोलली का नाही रे ती? एक शब्द. 'कापू नका' म्हणायला किती वेळ लागतो?"

"त्या बोलल्या नाहीत, तू विचारलं नाहीस, आणि मी कात्री खाली ठेवली नाही," डेस्मंड म्हणाला. "चुकलं माझं, नेस्टा."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं होत आली होती. त्याच्या तोंडून हे दोन शब्द एकत्र आलेले तिने पहिल्यांदाच ऐकले. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

कोपऱ्यावरून टेरेन्स आला, खांद्यावर फावडं. झुडूप बघून तो जागीच खिळला. "अरे बापरे! हे खणायचं?"

"याला हात लावलास तर तुलाच पुरेन," नेस्टा डोळे पुसत म्हणाली. "डॅफ्नी मागच्या दाराशी लाव. आणि आधी आत जाऊन चहा टाक, आम्ही येतो."

टेरेन्स गेला. नेस्टाही उठून आत गेली, आणि डेस्मंडला वाटलं, झालं, आता ही महिनाभर बोलत नाही. पण ती परत आली. हातात स्वयंपाकघरातली छोटी कात्री होती. ती तिने त्याच्यापुढे धरली.

"एक फांदी काप. आईकडे नेऊ. दफनभूमीचं फाटक दहाला उघडतं."

"मी?"

"तूच."

"डॉक्टर म्हणाले, कात्रीला हात..."

"डॉक्टरांना मी बघते. काप."

डेस्मंडने एक कुबडी भिंतीला टेकवली आणि कात्री घेतली. आजवर या झुडपावर त्याने हजारो वेळा कात्री चालवली होती, सुतळीकडे बघत, पाणसळीकडे बघत. आता त्याने एक फांदी धरली. तिच्या शेंड्याला तीन कळ्या अजून मिटलेल्या होत्या. त्याने ती सोडली. दुसरी धरली, तिच्यावर मधमाशी होती. तिसरी धरली आणि तीही सोडली.

"कुठली कापू?" त्याने विचारलं.

नेस्टा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्याच्या मोकळ्या काखेत तिने आपला खांदा दिला.

"घाई नाही," ती म्हणाली. "या वेळी बघून काप."